जिवंत कुंपणातील खिंडारे

१७९१ च्या मार्च महिन्यात लॉर्ड कॉर्नवॉलिसच्या सैन्याने बंगळूरला वेढा घातला, तेव्हा शहराचे दोन भाग होते. दक्षिणेस किल्ला आणि त्याच्या उत्तरेस व्यापाऱ्यांची व कारागिरांची पेठ. पेठेचा तट यथातथाच होता. तिचे खरे संरक्षण करीत होते ते खंदक आणि त्याला लागून वाढविलेले काटेरी झुडपांचे दाट रान. म्हैसूरचा इतिहास लिहिणाऱ्या मार्क विल्क्सच्या सांगण्यानुसार या रानाचा पट्टा जवळजवळ शंभर यार्ड रुंद होता आणि केवळ किल्ल्यासमोरच्या बाजूला तो खंडित झालेला होता. ७ मार्च रोजी पेठ पडली. पण काट्यांतून वाट काढून नव्हे. तोफांचा मारा झाला तो वेशीच्या दरवाजावर, आणि शत्रू आत शिरला तोही तेथूनच. जेथे झाडे उभी होती तेथे कोणी हात घातला नाही.

कुंपणाची ताकद त्याच्या सर्वांत दाट भागावरून ठरत नाही, ती सर्वांत विरळ जागेवरून ठरते. बागेच्या कडेला लावलेल्या मेंदीच्या किंवा कोयनेलच्या साध्या कुंपणालाही हेच लागू पडते. दोनशे फूट कुंपण निर्दोष असले आणि दोन फुटांचे एक खिंडार पडलेले असले, तर शेळीला, कुत्र्याला आणि पोरांना ते दोन फूटच पुरेसे असतात.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बंगळूरला लष्करी छावणी वसली आणि तिच्या आसपास ऐसपैस आवारांचे बंगले उभे राहिले. त्या आवारांच्या सीमा बहुधा झाडाझुडपांनीच आखल्या जात. पुढे जागेला मोल आले, आवारांचे तुकडे पडले आणि कुंपणांच्या जागी विटांच्या भिंती आल्या. तरीही शहरातील उद्याने, शिक्षणसंस्थांची आवारे आणि जुन्या वसाहतींतील काही घरे यांच्याभोवती जिवंत कुंपणे आजही दिसतात. त्यांत दुरांता सर्वाधिक आढळते. तिची पिवळ्या पानांची जात तर फारच लोकप्रिय आहे. याखेरीज मेंदी, कोयनेल, जास्वंद, कुंती आणि बोगनवेल हीही कुंपणासाठी लावतात. भिंत एकदा बांधली की तिच्याकडे पाहावे लागत नाही. कुंपणाकडे दरवर्षी पाहावे लागते. मात्र शिंपी पक्ष्याला घरटे शिवायला आणि सरड्याला दडायला भिंतीचा काही उपयोग नसतो.

खिंडार पडले की घरमालक बाजारातून एक रोप आणतो, रिकाम्या जागेत खड्डा घेऊन ते लावतो आणि महिनाभर पाणी घालतो. रोप काही दिवस तग धरते, मग पिवळे पडते आणि वाळते. पुढच्या वर्षी दुसरे रोप आणले जाते व त्याचीही तीच गत होते. दोष बहुधा रोपाचा नसतो, पाण्याचाही नसतो. जी जागा वर रिकामी दिसते ती जमिनीखाली रिकामी नसते. मेलेल्या झुडपाच्या दोन्ही बाजूंच्या झुडपांनी आपली मुळे केव्हाच त्या जागेत पसरलेली असतात. घातलेले पाणी आणि खत प्रथम तीच उचलतात. वरून त्यांच्या फांद्या खिंडारावर झुकून उजेड अडवितात, तो निराळाच. दहा वर्षांच्या जुन्या झुडपांच्या मध्ये सहा महिन्यांचे रोप लावणे म्हणजे जेवणाऱ्या पैलवानांच्या पंगतीत तान्ह्या मुलाला बसविण्यासारखे आहे. कुंपणच शेत खाते ही म्हण भ्रष्ट रखवालदारासाठी वापरतात. येथे ती अक्षरशः खरी ठरते.

म्हणून रोप आणण्यापूर्वी जुने झुडूप का मेले हे शोधून काढले पाहिजे. बुडाशी माती उकरून पाहावी. वाळवीची पोकळ माती आढळली तर खड्ड्यात निंबोळी पेंड मिसळावी लागेल. खडक किंवा बांधकामाचा चुना-विटांचा भराव लागला, तर तो काढल्यावाचून तेथे काहीही जगणार नाही. बंगळूरच्या नव्या वस्त्यांत हा भराव हमखास सापडतो. खिंडार मोठ्या झाडाखाली असेल, तर सावली हे कारण धरून चालावे. या शहराच्या रस्त्यांवर मोठ्या वृक्षांची परंपरा जुनी आहे. बडोद्याला सयाजीराव गायकवाडांच्या सेवेत असलेले जर्मन उद्यानतज्ज्ञ गुस्टाव्ह क्रुम्बिगल १९०८ मध्ये म्हैसूर संस्थानात आले आणि लालबागेचा कारभार पाहू लागले. एका जातीचा बहर ओसरला की दुसरीचा यावा, अशा हिशेबाने रस्त्यांवर वृक्ष लावण्याची कल्पना त्यांच्या नावाशी जोडली जाते. या वृक्षांनी शहराला सावली दिली, आणि त्याच सावलीत उन्हाची आवड असलेली कुंपणे विरळ झाली. पर्जन्यवृक्षाखाली मेंदी पुन्हा पुन्हा लावण्यात अर्थ नाही. तेवढ्या टप्प्यात अरेलिया किंवा अडुळसा लावावा आणि कुंपणाचा रंग तेथे थोडा बदलेल हे मान्य करावे.

आणखी एक कारण आहे, त्याला मात्र उद्यानशास्त्रात औषध नाही. माणसे रोज ज्या जागेतून ये-जा करतात, तेथील खिंडार कधीही भरत नाही. बसथांब्याकडे जाण्याची ती जवळची वाट असते. काटे लावले तरी ते बाजूला सारले जातात. अशा ठिकाणी दोन खांब रोवून एक लहान फाटक बसविणे हेच शहाणपणाचे होय.

कारण कळल्यानंतरचे काम मुख्यतः मातीचे आहे. या बाबतीत हिंदुस्थानात एकेकाळी जो प्रचंड प्रयोग झाला, त्याचा उल्लेख येथे केला पाहिजे. मिठावरील कर चुकवून कोणी मीठ नेऊ नये म्हणून इंग्रज सरकारने सिंधू नदीपासून महानदीपर्यंत जकातीची एक रेषा आखली होती आणि तिच्या मोठ्या भागावर काटेरी कुंपण उभारले होते. पुढे राष्ट्रीय सभेच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम १८६७ ते १८७० या काळात या खात्याचे आयुक्त होते. आधी हे कुंपण तोडलेल्या काट्यांचे, म्हणजे मेलेले होते. वाळवी, आग आणि वारा त्याला सतत खिंडारे पाडीत आणि दरवर्षी गाड्याच्या गाड्या काटे ओतावे लागत. ह्यूम यांनी त्याऐवजी बोर, बाभूळ, करवंद, निवडुंग अशी झाडे प्रदेशानुसार निवडून लावली. जेथे जमीन निकस होती तेथे ती खोदून काढली आणि दुसरीकडची चांगली माती आणून भरली. पूर येणाऱ्या भागात मातीचा बांध घालून त्यावर लागवड केली. कुंपणाचा हेतू अन्यायाचा होता, आणि १८७९ मध्ये ती जकातीची रेषाच रद्द झाली. पण खिंडार झाडाने भरत नाही, आधी मातीने भरते, हे ह्यूम यांच्या माळ्यांना ठाऊक होते.

बागेतील खिंडारासाठी दीड फूट लांब, रुंद आणि तितकाच खोल खड्डा घ्यावा. दोन्ही बाजूंना धारदार फावड्याने सरळ उभा छेद देऊन शेजारच्या झुडपांची आत आलेली मुळे तोडावीत. त्यांना याने इजा होत नाही. उलट वर छाटणी केल्यासारखी खाली छाटणी होते. तोडलेली मुळे काही महिन्यांत परत येतात, म्हणून दोन्ही कडांना पत्र्याचा तुकडा किंवा पातळ फरशी उभी पुरून ठेवावी. वर्षभर तरी नव्या रोपाला स्वतःचे घर मिळते. खड्ड्यातील जुनी माती परत न टाकता लाल माती, कुजलेले शेणखत आणि पालापाचोळ्याचे खत यांचे मिश्रण भरावे. रोप उंच असण्यापेक्षा बुडापासून फुटलेले असावे. उंच रोप घेण्याचा मोह सर्वांनाच होतो, कारण त्याने खिंडार त्याच दिवशी झाकल्यासारखे दिसते. पण असे रोप वर वाढते आणि बुडाशी उघडेच राहते. लावल्यावर त्याचा शेंडा एक-तृतीयांश कापावा आणि शेजारच्या फांद्या हातभर मागे छाटून आत उजेड येऊ द्यावा. खिंडार त्यामुळे काही काळ पहिल्यापेक्षा मोठे दिसेल.

रोप न आणताही खिंडार भरता येते, आणि लहान खिंडारासाठी ती रीत अधिक खात्रीची आहे. शेजारच्या झुडपाची बुडाजवळची एखादी लवचीक फांदी खिंडाराकडे वाकवावी. जेथे ती जमिनीला टेकेल तेथे डोळ्याच्या खालच्या बाजूस हलका काप द्यावा, तो भाग दोन-तीन इंच मातीखाली गाडून बेचक्याच्या काटकीने दाबून धरावा आणि शेंडा काठीला बांधून उभा करावा. माळी याला दाबकलम म्हणतात. बाजारच्या रोपाला जे मिळत नाही ते या फांदीला मिळते. मुळे फुटेपर्यंत तिचे पोषण आईच्या मुळांतून होत असते, त्यामुळे तिला त्या मुळांशी झगडावे लागत नाही. शिवाय पान, रंग आणि वाढ तंतोतंत जुन्या कुंपणासारखी राहते. दुरांता, कोयनेल, जास्वंद आणि बोगनवेल यांना दाबकलम चांगले मानवते. मुळे दोन-तीन महिन्यांत फुटली तरी फांदी आईपासून तोडण्याची घाई करू नये. एक उन्हाळा जाऊ द्यावा.

मधे झुडपे जिवंत असूनही बुडाशी उघडी पडली असतील, तर दोष कात्रीचा असतो. वरची बाजू रुंद आणि खालची अरुंद अशा आकारात कुंपण कापले की खालच्या पानांना ऊन मिळत नाही व ती गळतात. कापणी नेहमी खाली रुंद, वर निमुळती अशी असावी. बिघडलेले कुंपण मेंदी, दुरांता किंवा कोयनेलचे असेल, तर ते पावसाच्या तोंडावर जमिनीपासून फूटभर ठेवून कापून टाकावे. बुडातून नवी फूट येते. मोरपंखीला मात्र असे कधीही कापू नये. तिच्या जुन्या, पर्णहीन लाकडातून पालवी येत नाही.

हंगामाच्या बाबतीत पुण्याचा अनुभव बंगळूरला जसाच्या तसा लावता येत नाही. पुण्याला बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. बंगळूरला वळवाचा पाऊस एप्रिल-मेपासूनच सुरू होतो, मधे सरी चालू राहतात, सप्टेंबर-ऑक्टोबरात जोर वाढतो आणि नोव्हेंबरपर्यंत तो रेंगाळतो. म्हणून येथे जूनमध्ये लावलेल्या रोपाला जवळजवळ सहा महिने ओल मिळते. डिसेंबर ते मार्च हे महिने मात्र कोरडे जातात. सुमारे शंभर किलोमीटरवरून, तेही चढावर, पंपांनी आणलेल्या कावेरीच्या पाण्यावर हे शहर मोठ्या प्रमाणात अवलंबून आहे. मार्च २०२४ मध्ये टंचाई इतकी तीव्र झाली की पाणीपुरवठा मंडळाने पिण्याचे पाणी बागेला घालण्यास मनाई केली आणि मोडणाऱ्यास ५,००० रुपये दंड ठरविला. त्या उन्हाळ्यात फेब्रुवारीत लावलेले रोप जगविणे किती कठीण गेले असेल, याची कल्पना करता येते. एक पावसाळा पाहिलेल्या रोपाला बुडाशी पालापाचोळ्याचा जाड थर आणि भाज्या-तांदूळ धुतलेले पाणी मिळाले, तरी ते कोरडे महिने काढू शकते.

पाण्याची अशी ओढ असली की चटकन वाढणारे, कोठेही जगणारे एखादे झुडूप खिंडारात लावण्याचा विचार सुचतो. तो करताना घाणेरीची आठवण ठेवावी. अमेरिकेतून आलेले हे झुडूप फुलांसाठी व कुंपणासाठीच बागांत लावले गेले. त्याची फळे पक्ष्यांनी खाल्ली, बिया रानात पडल्या, आणि आज बंडीपूर व बिळिगिरी रंगन टेकड्यांच्या जंगलात घाणेरीने मैलोगणती जमीन व्यापली आहे. शेताच्या बांधावरील निवडुंगाची कथा याच्या उलट आहे. तोही परदेशी, तोही बेसुमार पसरलेला. १९२६ मध्ये त्याच्यावर जगणारा एक किरमिजी कीटक दक्षिण भारतात आणून सोडण्यात आला, आणि काही वर्षांतच निवडुंगाची रानेच्या राने कोलमडली.

दुरांतेची पिवळी फळेही विषारी असतात. घरात लहान मुले असतील तर फळे धरण्यापूर्वीच कापणी करावी. भरलेल्या खिंडाराला पहिली हलकी कापणी दुसऱ्या पावसाळ्यात द्यावी. कात्री चालविण्याआधी फांद्या हातांनी बाजूला सारून आत पाहावे. शिवलेल्या पानांचे घरटे दिसले, तर पिले उडून जाईपर्यंत तेवढा भाग तसाच राहू द्यावा.