सीता, गीता आणि केळीची रोपे

‘सीता और गीता’ हा चित्रपट १९७२ मध्ये आला. रमेश सिप्पी यांचे दिग्दर्शन, सलीम-जावेद यांची पटकथा आणि हेमा मालिनी यांची दुहेरी भूमिका. गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. जन्मताच ताटातूट झालेल्या दोन जुळ्या बहिणी. सीता श्रीमंत घरात, पण काकूच्या जाचात वाढते. भित्री आणि सोशिक होते. गीता रस्त्यावर डोंबाऱ्याचे खेळ करून पोट भरते; ती कुणालाच भीत नाही. पुढे दोघींची अदलाबदल होते. छताच्या पंख्यावर चढून बसलेली गीता आणि खाली हतबल झालेली काकू पाहून आजही हसू येते. त्याआधी पाचच वर्षे, १९६७ मध्ये, ‘राम और श्याम’मध्ये दिलीपकुमार यांनीही असेच दोन भाऊ रंगवले होते.

दोन्ही चित्रपटांचा हिशेब सरळ आहे. चेहरा जन्माने मिळतो आणि स्वभाव घर घडवते. विज्ञानाला हा हिशेब कितपत मान्य आहे? हा प्रश्न करमणुकीपुरता नाही. ‘आमच्याकडे शुगर खानदानी आहे, मलाही होणारच,’ असे म्हणून तपासणी टाळणारी माणसे भुसावळमध्ये आणि आजूबाजूच्या गावांत घरोघरी भेटतात. त्यांचे म्हणणे बरोबर की चूक, याचे उत्तरही जुळ्यांच्या अभ्यासातच आहे.

जुळी दोन प्रकारची

आईची दोन वेगवेगळी स्त्रीबीजे एकाच वेळी फलित झाली, तर साधी जुळी जन्मतात. सख्ख्या भावंडांइतकेच साम्य त्यांच्यात असते. एक मुलगा, एक मुलगी असेही होऊ शकते. आईचे वय, घराण्यातली जुळ्यांची परंपरा आणि वंध्यत्वावरचे उपचार यांमुळे अशा जुळ्यांचे प्रमाण बदलते.

एकच फलित बीज पहिल्या काही दिवसांत दुभंगले, तर समरूप जुळी होतात. त्यांची जनुके जवळजवळ सारखीच असतात. जगभर हजार प्रसूतींमागे साधारण चार, असे त्यांचे प्रमाण आहे. सीता आणि गीता या प्रकारातल्या. तरीही दोघींच्या बोटांचे ठसे वेगळे असणार, कारण ठशांच्या बारीक रेषा गर्भातल्या परिस्थितीनुसार घडतात. पोलिसांनी ठसे घेतले असते, तर चित्रपटातला बराचसा गोंधळ टळला असता. दोरीवर चालणाऱ्या गीताचे स्नायू आणि घरकामात पिचलेल्या सीताचे शरीरही प्रत्यक्षात सारखे दिसले नसते. पडद्यावर एकच अभिनेत्री असल्याने हा फरक लपला.

खऱ्या ताटातुटीचा अभ्यास

लहानपणीच वेगळ्या घरांत दत्तक गेलेली समरूप जुळी जगात थोडी आहेत, पण आहेत. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात थॉमस बूशार्ड या मानसशास्त्रज्ञाने १९७९ मध्ये अशा जुळ्यांचा अभ्यास सुरू केला. पुढच्या वीस वर्षांत शंभरहून अधिक जोड्या तपासल्या गेल्या. उंची, हृदयाचे ठोके, बुद्धिमापन चाचणी, आवडीनिवडी आणि स्वभाव अशा अनेक गोष्टींची मोजदाद झाली.

निष्कर्ष चित्रपटाच्या थोडे विरोधात गेला. वेगळ्या घरांत वाढूनही ही भावंडे स्वभावाने बरीच सारखी निघाली. ढोबळमानाने, माणसामाणसांतल्या स्वभावाच्या फरकातला निम्म्याच्या आसपास वाटा जनुकांचा, असे या आणि इतर अभ्यासांतून दिसते. म्हणजे खऱ्या सीतेत थोडी गीता नक्कीच दडलेली असणार. अर्थात यात एक मेख आहे. दत्तक घेणारी बहुतेक घरे खाऊनपिऊन सुखी होती. एक जाचात आणि दुसरी रस्त्यावर, असा टोकाचा फरक या अभ्यासात फारसा नव्हता. परिस्थितीत फरकच कमी असेल, तर तिचा परिणामही कमी दिसतो.

रावेर-यावलच्या बागांतला धडा

ही मेख खानदेशातल्या केळी उत्पादकाला समजावून सांगावी लागत नाही. इथल्या अनेक बागांत ग्रँड नैन जातीची ऊतीसंवर्धित, म्हणजे लोकांच्या भाषेत ‘टिश्यू’ची रोपे लावतात. केळीच्या कंदातल्या कोंबाचा छोटासा तुकडा प्रयोगशाळेत वाढवून त्यापासून हजारो रोपे तयार केली जातात. क्वचित एखादे वेगळे निघते. बाकीची सगळी जनुकांच्या दृष्टीने एकमेकांची समरूप जुळीच.

या जुळ्यांची ताटातूट रोपवाटिकेच्या दारातच होते. काही रावेरला जातात, काही यावलला, काही भुसावळच्या आसपास तापीकाठी. एका शेतात काळी कसदार जमीन, ठिबकचे वेळेवर पाणी आणि नेमकी खते. दुसरीकडे चोपण जमीन, मे महिन्यातले पंचेचाळीस अंशांचे ऊन आणि करप्याचा हल्ला. दोन्हीकडे पान, खोड आणि फळ ग्रँड नैनचेच दिसते. घडाच्या वजनात मात्र मोठा फरक पडतो. एकाच चांगल्या बागेतल्या दोन झाडांची तुलना केली, तर हा फरक कधीच लक्षात येणार नाही. रोपाने मर्यादा आखली, पण घड किती भरायचा हे शेतानेही ठरवले.

माणसाच्या शरीरातही असेच घडते. स्पेनमधील जुळ्यांच्या ४० जोड्यांचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. जनुकांवर काही रासायनिक खुणा असतात. कोणते जनुक किती काम करणार, हे ठरवण्यात त्यांचा वाटा असतो. लहान वयातल्या जोड्यांमध्ये या खुणा जवळजवळ सारख्या होत्या. वय वाढलेल्या आणि अधिक काळ वेगळे राहिलेल्या जोड्यांमध्ये त्या बऱ्याच वेगळ्या झाल्या होत्या.

‘खानदानी’ शुगरचे काय?

समजा, दोन समरूप जुळे भाऊ आहेत. एक रेल्वेत लागला. रात्रपाळी, अवेळी जेवण, बसून काम आणि सुटलेले पोट. दुसरा यावलकडे शेती करतो. वडिलांना मधुमेह होता. दोघांचा वारसा सारखाच, मग आजारही सारखाच होईल का?

एका समरूप जुळ्याला टाइप २ मधुमेह असेल, तर दुसऱ्याचा धोका साध्या जुळ्यांपेक्षा बराच जास्त असतो. म्हणजे वारसा खरा आहे. पण अनेक जोड्यांत एकाला मधुमेह असतो आणि दुसऱ्याची साखर कित्येक वर्षे व्यवस्थित राहते. म्हणजे वारसा हा निकाल नाही.

याचे उपयोगी पुरावेही आहेत. साखर वाढू लागलेल्या, पण मधुमेह न झालेल्या लोकांवर अमेरिकेत मोठी चाचणी झाली. आठवड्याला १५० मिनिटे चालण्यासारखा व्यायाम आणि वजनात सात टक्के घट, एवढे ध्येय ठेवलेल्या गटात मधुमेहाचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी राहिले. हे निष्कर्ष २००२ मध्ये आले. भारतातही अशी चाचणी झाली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत आहार-व्यायाम बदलल्याने ही घट सुमारे २८ टक्के दिसली. आकडा लहान वाटला तरी आपल्यासाठी तो महत्त्वाचा आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मधील अहवालानुसार देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे.

म्हणून ‘खानदानी आहे’ या वाक्याचा अर्थ ‘आता इलाज नाही’ असा न घेता ‘मला लवकर तपासायला हवे’ असा घ्यावा. तिशी ओलांडलेल्यांसाठी सरकारी आरोग्य केंद्रांत साखर आणि रक्तदाबाची तपासणी होते. गावातल्या आशाताई त्याची माहिती देतात. उपाशीपोटी साखर १०० ते १२५ च्या दरम्यान आली, तर ती धोक्याची पूर्वसूचना समजावी. १२६ किंवा त्याहून जास्त आली, तर पुन्हा तपासून डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. आई, वडील किंवा भावंडांना मधुमेह असेल, तर तिशीची वाट न पाहता आधीच विचारावे. उन्हाळ्यात चालणे सूर्य वर येण्याआधी उरकावे. रात्रपाळी करणाऱ्यांनी जेवणाच्या वेळा शक्य तितक्या ठरलेल्या ठेवाव्यात आणि रात्रीचे तळलेले पदार्थ, गोड चहा कमी करावा.

जन्माला येताना कोणते रोप मिळाले, हे कुणाच्याच हातात नसते. शेताची निगा मात्र बऱ्याच अंशी आपल्या हातात असते.