हिरवा चुडा, हिरवा पडदा

लग्नाच्या व्हिडिओचं ‘मिक्सिंग’ कसं चालतं ते पाहून लिहा, असं संपादकांनी सांगितलं. नांदेडला एका फोटोग्राफरला विचारलं, तर तो म्हणाला, “उमरीला जा, तिथला पोरगा कडा चांगल्या काढतो.” कडा काढणं हे मी नव्यानंच ऐकत होतो. मुदखेड मागं टाकून, धर्माबादच्या अलीकडं उतरलो.

दुकान म्हणजे एक खोली. मागच्या भिंतीवर छतापासून फरशीपर्यंत हिरवं कापड. नवरा-नवरीनं त्यापुढं उभं राहायचं; काश्मीर नंतर येतं.

या जादूचं घराणं जुनं आहे. फाळक्यांच्या ‘लंकादहन’ (१९१७) आणि ‘कालिया मर्दन’ (१९१९) या चित्रपटांतल्या करामतींनी प्रेक्षक थक्क झाले होते. तिकडं ‘द थीफ ऑफ बगदाद’मध्ये (१९४०) निळ्या पडद्याची रीत गाजली; त्यातला पोरगा होता आपल्या म्हैसूरकडचा साबू. डिजिटल कॅमेरे आले आणि हिरव्याचा जोर वाढला, कारण त्यांच्या सेन्सरवर हिरव्याचे ठिपके लाल किंवा निळ्याच्या दुप्पट असतात.

इतकं मी वाचून गेलो होतो. पडद्यावर मात्र वेगळंच दिसलं. पोरानं एडियस या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये क्रोमा, म्हणजे पडद्याचा रंग पुसणारा फिल्टर, लावला. नवरीनं हात वर केला आणि मनगट तुटलं. पंजा एकीकडं, कोपर दुसरीकडं, मधे काश्मीरचा बर्फ! हिरवा चुडा पडद्याबरोबर पुसला गेला होता.

“आपल्याकडं नवरी म्हंजे हिरवाच चुडा. मशिनला काय कळतंय?” तो म्हणाला.

हा शॉट दुसऱ्या कुणीतरी काढून पाठवलेला होता. १२ सेकंदांचा. सेकंदाला २५ म्हणजे ३०० फ्रेमा. प्रत्येक फ्रेम तपासत मनगटाभोवती आखलेली हद्द, म्हणजे मास्क, सरकवायचा आणि पुसलेला चुडा परत आणायचा. बांगड्यांच्या फटीत अडकलेला पडद्याचा हिरवा मात्र घालवायचाच. एक हिरवा ठेवायचा, दुसरा काढायचा. त्याची मान तासभर वर झाली नाही.

मग त्यानं त्याच शॉटचं काळं-पांढरं चित्र दाखवलं. पांढरं तेवढं राहतं, काळं जातं. दोन्हींच्या मधे करड्या रंगाची बारीक किनार असते; केसांच्या बटा, गजरा, मुंडावळ्यांचे हलते पदर सगळे त्यातच. किनार आत ढकलली तर बटा गळतात आणि डोकं कात्रीनं कापल्यासारखं दिसतं. बाहेर सोडली तर माणसाभोवती हिरवी रेघ उरते. कॅमेराही साथ देत नाही. साधे कॅमेरे उजेड बारकाईनं नोंदवतात, पण रंग चार ठिपक्यांना मिळून एकदाच. म्हणून रंगावरून कापलेली कड पायऱ्यापायऱ्यांची निघते.

पडद्यावरून उसळलेला हिरवा उजेड अंगावर पडतो, तो आणखी एक ताप. तो काढायला हिरवा कमी करावा, तर हळदीच्या अंगाचा पिवळा नारिंगी होतो, कारण पिवळ्यात हिरवा असतोच. बौद्ध लग्नात वधू-वर पांढऱ्या कपड्यांत. पांढरं तर पडद्याचा रंग लगेच ओढून घेतं. म्हणून त्यानं निळं कापडही ठेवलंय. पण निळ्यात चित्राला दाणे जास्त येतात, आणि जयंतीच्या व्हिडिओत निळा फेटा असला की तोही गायब.

आता मोबाइल हे सगळं फुकट करतो. तो एका रंगावर विसंबत नाही, माणूसच ओळखतो. त्यामुळं चुडा शाबूत राहतो. पोरानं स्वतःच मोबाइलवर एक क्लिप करून दाखवली. पुढं तीच क्लिप हळू चालवली. मुंडावळ्या क्षणात होत्या, क्षणात नव्हत्या. केसांची कड उकळत्या दुधासारखी हलत होती. नवरीच्या हातातला नारळ मधेच नाहीसा झाला.

“गिऱ्हाईकाला दाखवतोस का हे?”

“दाखवतो. चालतंय म्हणतेत. स्टेटसला कोण बघतंय सर? मोबाइल फुकट करूलालाय, मग तीनशे फ्रेमाचे पैसे कोण देणार?”

माझ्याकडं उत्तर नव्हतं. मीही लग्नांचे व्हिडिओ बोटानं पुढं ढकलूनच पाहतो.

निघताना त्याचा फोन वाजला. कुणाची तरी सुपारी फुटली होती. तारीख, ठिकाण, पैसे यांतलं काहीच त्यानं आधी विचारलं नाही.

“चुडा भरून येणार का? मग निळा लावतो.”