वेळ न घेता आलेल्या कुटुंबाचा तास

मुलाच्या मनाच्या दुखण्यासाठी बाहेरची मदत घ्यावी, हा निर्णय कुटुंबात सहसा सावकाश विचार करून होत नाही. शाळेतून आलेला निरोप, सकाळी दप्तर फेकून दाराशी घातलेला आकांत किंवा मुलीच्या हातावर अचानक दिसलेले वण असे काहीतरी त्या दिवशी घडलेले असते आणि म्हणूनच त्या दिवशी आईवडील मोकळेपणाने बोलायला तयार असतात. कॅनडातील मुलांच्या मानसिक आरोग्यसेवेत अशा कुटुंबाचे नाव बहुधा प्रतीक्षायादीत जाते आणि बोलावणे कित्येकदा काही महिन्यांनी येते, तोवर ती तयारी विरलेली असते किंवा प्रश्न हाताबाहेर गेलेला असतो. अल्बर्टा प्रांतातील कॅलगरी शहरात वुड्स होम्स या १९१४ पासून मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेने १९९० मध्ये ईस्टसाइड फॅमिली सेंटर उघडले ते हे अंतर मिटवण्यासाठी. तेथे आधी वेळ ठरवावी लागत नसे, डॉक्टरांची चिठ्ठी लागत नसे आणि पैसेही द्यावे लागत नसत. पुढे ओंटारिओ प्रांतातही मुले व कुटुंबे यांच्यासाठी अशी केंद्रे निघाली.

या पद्धतीला एकल-सत्र समुपदेशन म्हणतात, म्हणजे प्रत्येक भेट ही कदाचित एकमेव भेट असेल असे गृहीत धरून ती स्वयंपूर्ण करणे. त्यामागचा विचार मोशे टाल्मन यांच्या १९९० च्या पुस्तकाने रूढ केला. अमेरिकेतील कैसर पर्मनंटे या आरोग्यसंस्थेत काम करताना पुष्कळ लोक एकदाच येतात आणि परत फिरकत नाहीत हे त्यांना दिसले. अशांना उपचार अर्धवट सोडणारे समजण्याचा रिवाज होता. टाल्मन यांनी केवळ एकदा येऊन गेलेल्या आपल्या २०० रुग्णांना दूरध्वनी केला, तेव्हा ७८ टक्के लोकांनी हवे ते मिळाले आणि बरे वाटते असे सांगितले. हे लोकांचे स्वतःचे सांगणे आहे, रोग बरा झाल्याचा तो पुरावा नव्हे. तरीही जो तास आजवर केवळ माहिती भरून घेण्यात खर्ची पडत होता, त्याच तासात उपचार घडू शकतो, ही शक्यता त्यातून पुढे आली.

अशा केंद्रातील काम जवळून पाहिले तर घाई कुठेच जाणवत नाही. बाहेर बसलेल्या कुटुंबाला एक छोटा अर्ज दिला जातो आणि त्यात आज सर्वांत जास्त काय छळते आहे, आतापर्यंत कोणते उपाय करून पाहिले, त्यांपैकी कशाचा थोडा तरी उपयोग झाला, असे प्रश्न असतात. समुपदेशक आणि त्याचे सहकारी तो अर्ज आधी एकत्र वाचतात. मग खोलीत बोलणे सुरू होते आणि कुटुंबाची संमती असेल तर सहकारी एकतर्फी आरशामागून ते ऐकतात. जन्मापासूनचा इतिहास विचारला जात नाही. इथून घरी जाताना काय हाती लागले म्हणजे येणे सार्थकी लागेल, हे प्रत्येकाला, लहान मुलालाही, वेगवेगळे विचारले जाते. ० ते १० च्या मापावर आजचा दिवस कुठे बसतो, हा प्रश्न मिलवॉकी येथील स्टीव्ह डी शेझर आणि इन्सू किम बर्ग यांच्या पद्धतीतून आला आहे. मुलाने ‘३’ म्हटले तर ‘२’ का नाही, असे विचारतात, आणि तिथे बऱ्याचदा कोणाच्याच लक्षात न आलेली गोष्ट बाहेर येते: आजी शाळेच्या फाटकापर्यंत बरोबर चालते त्या दिवशी पोटात कमी दुखते. रागीट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मुलाला त्या रागाचे नाव ठेवायला, चित्र काढायला सांगतात, कारण ऑस्ट्रेलियातील मायकल व्हाइट आणि न्यूझीलंडमधील डेव्हिड एप्स्टन यांच्या कथनोपचारानुसार प्रश्न आणि मूल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राग असा समोर कागदावर आला की आईवडील आणि मूल त्याच्याविरुद्ध एका बाजूला बसू शकतात.

या कामाचा गाभा मात्र मध्यंतरात आहे. संभाषण थांबवून समुपदेशक बाहेर येतो आणि सहकाऱ्यांशी सल्लामसलत करतो. ही रीत इटलीतील मिलान येथे मारा सेल्विनी पालाझोली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुटुंबोपचारात घडवली. एकट्याच्या नजरेतून काय सुटले, कोणाचे बोलणे मध्येच तोडले गेले, वडील गप्प का होते, हे इथे कळते. परत आल्यावर समुपदेशक जे खरोखर दिसले तेवढ्याचेच कौतुक करतो आणि येत्या काही दिवसांत करण्यासारखी एखादी लहान गोष्ट सुचवतो. ठरले ते लिहून कागद कुटुंबाच्या हाती देण्याची चांगली प्रथा काही केंद्रांत आहे. गुप्ततेच्या मर्यादा सुरुवातीलाच सांगितल्या जातात. आत्महत्येचा विचार असल्यास तो थेट शब्दांत विचारून सुरक्षिततेची आखणी त्याच तासात करावी लागते आणि मुलावर अत्याचाराचा संशय असेल तर कायद्याने कळवणे बंधनकारक असते.

आहारविकार, मनोविकृती किंवा स्वमग्नतेचे मूल्यमापन एका तासात आटपत नाही, तसा दावाही ही पद्धत करत नाही. लागेल तेव्हा कुटुंब पुन्हा येऊ शकते किंवा पुढील उपचारासाठी पाठवले जाते. धोका प्रशासनाकडून आहे. एक भेट झाली म्हणून नाव यादीतून काढले आणि दीर्घ उपचारांची पदे भरली नाहीत, तर उघड्या दाराचा उपयोग केवळ आकडे सुधारण्यासाठी होईल आणि ज्या मुलांना सर्वाधिक गरज आहे तीच मागे पडतील.

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. मुंबईत आज टाटा सामाजिक विज्ञान संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने १९३७ मध्येच बालमार्गदर्शन केंद्र सुरू केले होते आणि सार्वजनिक रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागात आजही केसपेपर काढून कुणालाही थेट जाता येते. दार उघडे आहे, पण गर्दीमुळे एका कुटुंबाच्या वाट्याला मोजकी मिनिटे येतात. तेवढ्या मिनिटांतही अर्ज रांगेत असतानाच भरून घेता येईल, सोबत आलेल्या मामीला किंवा आजोबांना एक प्रश्न विचारता येईल आणि केसपेपरवर औषधांच्या खाली कुटुंबाने स्वतः ठरवलेली एक गोष्ट त्यांच्याच शब्दांत लिहिता येईल.