तालाचे गेम आणि तालाचा कालखंड



मागील पालक सभेत एक सूचना आली होती. मुले आजकाल मोबाईलवरच पियानोचे, ढोलाचे, तालाचे गेम खेळतात. ताल त्यांना तिथेच कळतो. मग आठवड्यातून एक कालखंड तबला-लेझीमला देण्यापेक्षा तो गणिताला का देऊ नये? सूचना मुलांच्या हिताच्या विचारातूनच आलेली आहे. "मोबाईल वाईट" एवढे म्हणून तिचे उत्तर होत नाही. हे गेम काय आहेत, ते मुलांना काय देतात आणि काय देत नाहीत, हे समजून घेतल्यावरच निर्णय करणे योग्य ठरेल. त्यासाठी हा लेख.

हे गेम आले कुठून

तालाच्या व्हिडिओ गेमचा उगम मुख्यतः जपानमधला. 1996 च्या डिसेंबरमध्ये प्लेस्टेशनवर 'पॅरापा द रॅपर' नावाचा गेम आला. कागदासारखा चपटा कुत्रा गाणे शिकतो आणि खेळणाऱ्याने गुरूच्या पाठोपाठ ठरलेली बटणे तालात दाबायची, असा तो खेळ. त्याचे कर्ते मासाया मात्सुउरा हे स्वतः संगीतकार होते. पुढच्याच वर्षी, 1997 मध्ये, कोनामी कंपनीने 'बीटमेनिया' हे यंत्र खेळघरांत ठेवले. त्यात पाच पट्ट्या आणि एक फिरती तबकडी होती. 1998 मध्ये त्याच कंपनीचे 'डान्स डान्स रिव्होल्यूशन' आले. त्यात हातांऐवजी पायांचे काम असते. पडद्यावर बाण वर सरकतात आणि खेळणाऱ्याने चार दिशांच्या चौकटींवर बरोबर वेळी पाय टाकायचे. मोठ्या शहरांतील मॉलमध्ये अशा प्रकारची नाचाची यंत्रे आपल्यापैकी काहींनी पाहिली असतील.

आपल्या मुलांना सर्वांत जवळचा वाटेल असा गेम म्हणजे नामको कंपनीचा 2001 चा 'ताइको नो तात्सुजिन'. ताइको म्हणजे जपानी ढोल. पडद्यावर लाल गोल आला की ढोलाच्या मध्यावर मारायचे, त्याचा बोल 'डोन'. निळा गोल आला की काठावर मारायचे, त्याचा बोल 'का'. जपानमध्येही ढोल शिकणारे बोल आधी तोंडाने म्हणतात आणि नंतर हाताने वाजवतात. आपल्याकडे तबला शिकणारे मूल चाट, लव आणि शाई यांवरचे वेगवेगळे बोल तोंडाने घोकते, तशीच ही रीत आहे.

अमेरिकेत 2005 च्या नोव्हेंबरमध्ये 'गिटार हीरो' आला. प्लास्टिकच्या गिटारवर पाच रंगांची बटणे आणि तारेच्या जागी एक पट्टी. हार्मोनिक्स कंपनीने तो तयार केला होता. याच कंपनीने 2007 मध्ये 'रॉक बँड' आणला. त्यात गिटारसोबत गाणे आणि ड्रमही होते. ड्रमच्या चार थाळ्या आणि पायाचे एक पेडल. 2018 मध्ये चेक प्रजासत्ताकातील एका छोट्या चमूने 'बीट सेबर' काढला. डोळ्यांवर चष्म्यासारखे यंत्र लावून, समोरून येणारे ठोकळे तालावर कापायचे. आणि सर्वांच्या खिशात पोहोचला तो 2014 चा 'पियानो टाइल्स' व त्याच्या मागोमाग आलेले 'मॅजिक टाइल्स 3' सारखे गेम. आपल्या विद्यार्थ्यांचे आवडते गेम बहुतेक याच शेवटच्या जातीतले आहेत.

यंत्र "बरोबर" कसे ठरवते

यांतील बहुतेक गेमचे गणित एकच आहे. गाणे आधीच ध्वनिमुद्रित असते. त्यातील प्रत्येक ठोक्याची वेळ यंत्रात लिहून ठेवलेली असते. तुमचे बोट पडले ती वेळ आणि लिहिलेली वेळ यांची वजाबाकी यंत्र करते. फरक थोडा असेल तर "उत्तम", जास्त असेल तर "ठीक", त्याहून जास्त असेल तर "चुकले".

हा फरक किती सूक्ष्म असतो ते पाहा. पडदा सामान्यतः सेकंदाला 60 चित्रे दाखवतो, म्हणजे एक चित्र सेकंदाचा साठावा भाग टिकते. कठीण पातळीवर "उत्तम" मिळवायला दोन-तीन चित्रांएवढीच सवलत असते. इतक्या बारीक वेळेवर बोट टाकणारे मूल लक्ष देत नाही, असे आपण कसे म्हणू शकतो? लक्ष, डोळा आणि बोट यांचा मेळ हे गेम खरोखर बसवतात. दोन्ही हातांना वेगळे काम देण्याची सवयही लागते. ड्रमच्या गेममध्ये तर हात आणि पाय यांना वेगळे चालवावे लागते आणि तेवढे कौशल्य खऱ्या ड्रमवरही उपयोगी पडते. ही जमेची बाजू आहे, ती मान्य केली पाहिजे.

इथे विद्यार्थ्यांसाठी एक उपयोगी गोष्ट सांगतो. पुष्कळ मुलांची तक्रार असते की बरोबर दाबले तरी गेम "चुकले" म्हणतो. कारण बहुधा ब्लूटूथचे इयरफोन असतात. आवाज मोबाईलमधून निघून कानापर्यंत पोहोचायला त्यात सेकंदाचा दहावा ते पाचवा भाग सहज लागतो. मिनिटाला 120 ठोके असतील तर दोन ठोक्यांत अर्धा सेकंदच असतो. म्हणजे कान जवळजवळ अर्धा ठोका मागे राहू शकतो. उपाय दोन : तारेचा इयरफोन वापरणे, किंवा गेमच्या सेटिंगमध्ये जाऊन हा उशीर जुळवून घेणे.

हीच गोष्ट आपल्या मैदानावरही घडते. ध्वनी एका सेकंदात सुमारे 340 मीटर जातो. म्हणजे ढोलापासून 34 मीटर दूर उभ्या असलेल्या लेझीमच्या शेवटच्या रांगेला ठोका सेकंदाचा दहावा भाग उशिरा ऐकू येतो. शेवटची रांग मागे पडते ती नेहमी निष्काळजीपणामुळे नव्हे. म्हणून लेझीमच्या वेळी पुढच्या मुलाचा हात पाहायला सांगतात. प्रकाशाला उशीर होत नाही.

लय कोणाच्या हातात

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. गेममध्ये लय धरतो कोण? यंत्र. तुम्ही चुका, थांबा, बोट उचला, बहुतेक गेममध्ये गाणे आपल्या वेगानेच पुढे जाते. मूल फक्त तिला गाठत राहते. आणि तेही बहुतेक डोळ्यांनी, कारण पुढचा ठोका कधी येणार ते पडद्यावर सरकत येताना दिसत असते. पुष्कळ मुले आवाज बंद करूनही असा गेम बऱ्यापैकी खेळू शकतात.

याच्या उलट आपल्या गणेशोत्सवातील आरती आठवा. सुरुवात संथ होते. टाळ, टाळ्या, झांज सुरू होतात. तिसऱ्या-चौथ्या कडव्यापर्यंत वेग वाढलेला असतो आणि शेवटी तर सगळे धावत असतात. कोणीही मुद्दाम वेग वाढवलेला नसतो. प्रत्येकाने शेजाऱ्याला गाठले, शेजाऱ्याने त्याला गाठले, आणि लय धरून ठेवणारा कोणी नव्हता. शंभर माणसे लय गाठणारी असली तरी धरणारा एक लागतोच. तबल्यावर किंवा ढोलकीवर बसलेला तो माणूस गाठत नाही, धरतो. हे धरणे गेम शिकवत नाही, कारण गेममध्ये त्याची गरजच पडत नाही.

'खाली' म्हणजे काय

धरणे शिकवण्याची युक्ती आपल्या संगीतात फार जुनी आहे आणि तिला एक पैसाही लागत नाही. ती म्हणजे हाताने ताल देणे. त्रितालात 16 मात्रा, चार-चारचे चार भाग. पहिल्या मात्रेवर टाळी, ती सम. पाचवीवर टाळी. नववीवर टाळी नाही, हात नुसता बाजूला करायचा, ती खाली. तेराव्या मात्रेवर पुन्हा टाळी.

माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, त्यामुळे 'खाली' ऐकताच मनात अर्थ येतो तो रिकामी जागा. आपल्या मराठी घरांतील लहान मुलांना मात्र हा शब्द ऐकून वाटते की हात खाली न्यायचा! दोन भाषांच्या सीमेवरील आपल्या बालाघाटमध्ये हा गोंधळ होणे स्वाभाविक आहे. तालातील खाली ही हिंदीतली खाली आहे, म्हणजे मोकळी. मराठी गायनमास्तर तिला 'काल' असेही म्हणत आले आहेत. तबल्यावरही ती ऐकू येते. त्रितालात दहाव्या मात्रेपासून तेराव्यापर्यंत डग्ग्याचा घुमार थांबतो, आणि तो परत आला की ऐकणाऱ्याला कळते, सम जवळ आली.

पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी ही व्यवस्था कागदावर आणली. व्यवसायाने वकील असलेल्या या मुंबईकर मराठी माणसाने आपल्या क्रमिक पुस्तकांची मालिका मराठीत लिहिली, आणि त्यांच्या मार्गदर्शनाखाली 1918 मध्ये आपल्याच मध्य प्रदेशातील ग्वाल्हेर येथे माधव संगीत विद्यालय सुरू झाले. त्यांच्या लिपीत समेला फुलीचे चिन्ह, दुसऱ्या-तिसऱ्या टाळीला 2 आणि 3, आणि खालीला शून्य. गेमच्या पडद्यावर जिथे ठोका नसतो तिथे काहीच नसते. भातखंडे यांच्या लिपीत जिथे टाळी नसते तिथे शून्य लिहिलेले असते. रिकामी जागासुद्धा मोजायची असते, हे मुलाला त्या शून्यावरून कळते. गणिताच्या कालखंडालाही याचा लाभच होईल, असे मला वाटते.

असा एक गेमही आहे हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. 2006 मध्ये निन्टेन्डोने 'रिदम तेनगोकू' काढला. जपानी गायक-संगीतकार त्सुन्कू यांचा त्यात पुढाकार होता. त्यात सरकते गोल जवळजवळ नसतातच. कानाने ऐकून मनात मोजावे लागते, आणि काही ठिकाणी दृश्य झाकलेही जाते. म्हणजे गेम बनवणाऱ्यांनाही ही उणीव दिसली होती.

यंत्र कपाटात गेल्यावर

'गिटार हीरो'चे पुढे काय झाले हेही पाहण्यासारखे आहे. काही वर्षे तो घराघरांत होता. दरवर्षी नव्या आवृत्त्या निघाल्या, घरात प्लास्टिकची वाद्ये साठली, लोकांचा उत्साह ओसरला, आणि 2011 च्या फेब्रुवारीत ॲक्टिव्हिजन कंपनीने तो विभाग बंद केला. 2015 मध्ये नवा गेम काढून प्रयत्न झाला, पण पहिले दिवस परतले नाहीत. यंत्र कपाटात गेले की पाच बटणांची विद्याही बरीचशी त्याच्यासोबत गेली. हाताने दिलेला त्रिताल मात्र वीज गेली तरी सोबत राहतो.

घरी करून पाहा

विद्यार्थ्यांनो, एक परीक्षा घरीच घ्या. आवडते गाणे लावा आणि टाळ्या देत सोळापर्यंत मोजा. दुसऱ्या सोळा मात्रांसाठी आवाज पूर्ण बंद करा, टाळ्या मात्र चालू ठेवा. सतराव्या टाळीला आवाज पुन्हा सुरू करा. टाळी आणि गाणे एकत्र पडले तर लय तुमच्या हातात आहे. गाणे पुढे गेले असेल तर तुम्ही रेंगाळलात, मागे राहिले असेल तर तुम्ही घाई केलीत. पालकांनीही सोबत बसावे. जे गेममध्ये पहिले येतात ते इथेही पहिले येतात का, ते पाहणे मनोरंजक ठरेल.

शाळेचा प्रस्ताव

वरील सर्व विचार करून विश्वस्त मंडळापुढे तीन गोष्टी ठेवत आहे.

1. ताल व लेझीमचा साप्ताहिक कालखंड चालू ठेवावा. मोबाईल शाळेत न आणण्याचा नियम कायम राहील. घरी मोजका वेळ तालाचा गेम खेळण्यास शाळेची हरकत नाही.

2. या कालखंडात इयत्ता पाचवीपासून प्रत्येक विद्यार्थ्याने दादरा, केरवा आणि त्रिताल हे तीन ताल हाताने देता यावेत, एवढेच उद्दिष्ट ठेवावे. गाता येणे आवश्यक नाही.

3. भांडारात असलेल्या तबल्यांच्या पुड्या उतरल्या आहेत व वाद्या सैल झाल्या आहेत. त्या नव्याने बसवून घ्याव्यात. हा खर्च एका साध्या मोबाईलच्या किमतीहून कमी आहे.

कालखंड एकदा गणिताला दिला तर तो परत मिळणे कठीण असते, हे शाळा चालवणाऱ्या सर्वांना ठाऊक आहे. आणि आपल्या समाजाच्या आरतीला, भजनाला, लेझीमला पुढे लय धरणारे हात हवे असतील, तर ते याच वर्गांतून तयार होतील. बाहेरून मागवता येणारी ही वस्तू नाही. पालकांनी आपले मत, अनुकूल असो की प्रतिकूल, शाळेच्या कार्यालयात लेखी द्यावे. विश्वस्त मंडळाच्या पुढील बैठकीत सर्व पत्रे वाचूनच निर्णय होईल.

— प्राचार्य