काडी आखूड का पडली?

मैत्रिणींनो, ‘पोरांना शाळेत काय खेळायला पाठवतो का?’ हा प्रश्न पालकसभेत हमखास येतो. 2024 मध्ये पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ आला, तेव्हापासून तर जास्तच. आमच्या शेजारच्या खेड्यातल्या शाळेत मी काही शनिवारी मदतीला जाते. तिथे काय चालतं, ते सांगते.

सामान म्हणजे काडेपेटीच्या काड्या आणि सायकलची बारीक रबरी नळी. दुकानात ‘वॉल ट्यूब’ म्हणा, लगेच देतात. ही कल्पना अरविंद गुप्ता यांची. आयआयटी कानपूरला शिकलेले हे इंजिनिअर 1978 मध्ये मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले आणि तिथे त्यांनी काड्या नि नळीतून भूमिती उभी केली. पुढे पुण्याच्या आयुकात त्यांनी टाकाऊतून केलेल्या खेळण्यांना तर गणतीच नाही. 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

काडीचा गूल आधी खरवडून टाकायचा. (हे काम मोठ्यांचं, बरं का!) नळीचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करायचे आणि त्यांत काड्या खोचायच्या. तीन काड्यांचा त्रिकोण कितीही दाबा, जागचा हलत नाही. चौकोन मात्र बोट लावलं की कलंडतो.

तो पक्का करायला चौथीतल्या एका मुलीने कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात तिरपी काडी लावायला घेतली. काडी आखूड पडली. दुसरी घेतली, तीही आखूड! चारी बाजू सारख्या, मग मधलं अंतर मोठं कसं? माझी जीभ नुसती वळवळत होती, पण बाई शांत. पोरीने खराट्याचा हीर मापाने मोडून बसवला. चौकोन ताठ! मग तिने वर छताकडे पाहिलं. “काकू, पत्र्याखाली तिरप्या पट्ट्या म्हणूनच ठोकल्यात का?”

पाढ्यात अडखळते म्हणून घरीदारी ‘ढ’ ठरलेली ही पोर. तिची आई आमच्या बचत गटातली. इथे नुसते खेळच चालतात म्हणून तिला लेकीचा दाखला काढायचा होता. मी म्हटलं, बाई गं, एकदा येऊन तर बघ. ती आली, त्या दिवशी नवकंकरी मांडली होती. एकात एक तीन चौकोन, नऊ खडे, नऊ चिंचोके. आपले तीन ओळीत आले की समोरच्याचा एक उचलायचा, ज्याचे दोनच उरले तो हरला. ही माहेरच्या ओट्यावर खेळलेली, ऐटीत बसली. लेकीने मात्र एक खडा मुद्दाम मारू दिला आणि पुढच्या दोन चालींत आईचे दोन उचलले. “हे तुला कुणी शिकवलं?” “कुणी नाही. तू तिकडेच बघत होतीस ना!” दाखल्याचं काही ठरलेलं नाही अजून. नवराही विचारात घ्यावा लागतो.

एक सांगते, लक्ष ठेवलं नाही तर काड्या मुलांच्या हातात जातात आणि मुली नळी कापत बसतात. बाईंनी म्हणून जोड्या लावल्यात. एकाने बांधायचं, एकाने सांगायचं, घंटा झाली की अदलाबदल.

पुढच्या शनिवारी दोन विटांवर काड्यांचा पूल आहे. तो मोडेपर्यंत त्यावर एकेक वही ठेवायची. चार मीटर नळी आणून ठेवलीय मी.