शरदात पासलीच्या रानात काय पाहावे

वेल्ह्याहून केळदच्या वाटेवर लागणाऱ्या पासलीच्या परिसरात ऑक्टोबरमध्ये फिरलेले लोक ‘काहीच दिसलं नाही’ म्हणून परततात. मोठ्या जनावरांपुरती ही तक्रार खरी आहे. ओढे वाहते असतात, गवत कमरेएवढे. भेकराला ठरावीक पाणवठ्यावर येण्याची गरजच नसते. पण पावसात वाढलेल्या पाल्यावर पोसलेले कीटक याच दिवसांत भरात असतात, आणि त्यांच्यावर जगणारेही. सह्याद्रीच्या या ओल्या पट्ट्यात पायवाटेवर आडवे, सोनेरी झाक असलेले जाळे दिसले तर थांबावे. ते जायंट वुड स्पायडरचे. मधोमध चार-पाच सेंटिमीटर अंगाची मादी, आणि कडेला जेमतेम अर्धा सेंटिमीटरचा नर. अनेक जण त्याला तिचे पिल्लूच समजतात!

किड्यांना वन्यजीव कशाला म्हणायचे, असे कुणी विचारील. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने कित्येक फुलपाखरांना संरक्षण दिले आहे, आणि २०१५ साली महाराष्ट्राने ब्लू मॉर्मनला राज्य फुलपाखरू ठरवले. शिवाय मोठ्यांचा प्रवासही यांच्यावरच चालतो. सैबेरिया-चीनकडून आफ्रिकेला निघालेले अमूर ससाणे नोव्हेंबरच्या सुमारास पश्चिम भारतावरून जातात, ते वाटेत पंखवाली वाळवी आणि चतुर खात.