गाडीला घरीच रंग मारायचाय? शेडच्या आधी डबा ‘वन-के’ आहे की ‘टू-के’ ते बघा

पार्किंगमध्ये कुणीतरी दारावर ओरखडा काढून जातं. गॅरेजवाला डेंटिंग-पेंटिंगचा आकडा सांगतो आणि आपण युट्यूब उघडतो. तिथं एक जण दहा मिनिटांत स्प्रेनं दार चकाचक करून दाखवतो. मग प्रश्न येतो, रंग कुठला घ्यायचा?

बहुतेक जण आधी शेड शोधतात. पण रंग किती टिकणार, हे तो वाळतो कसा यावर ठरतं.

ड्युको, वन-के आणि टू-के

आपल्याकडं गाडीच्या रंगाला सरसकट ‘ड्युको’ म्हणतात. हे मूळचं अमेरिकेतल्या ड्युपाँट कंपनीच्या रंगाचं नाव. १९२० च्या दशकात जनरल मोटर्सनं तो गाड्यांवर वापरायला सुरुवात केली. तोवर गाडीचा रंग वाळायला दिवसच्या दिवस जायचे, ड्युको मात्र झटपट वाळायचा. दुकानात ‘एनसी’ नावानं मिळतो तो याच जातीचा, म्हणजे नायट्रोसेल्युलोजचा रंग.

यातलं थिनर उडून गेलं की रंग सुकतो. पण वाळल्यावरही त्यावर थिनर पडलं तर तो परत विरघळतो. बाजारातले बहुतेक स्प्रे कॅनही असेच, एकाच घटकाचे असतात. म्हणून त्यांना ‘वन-के’ म्हणतात. पेट्रोलच्या झाकणाजवळ असा रंग मारला तर पेट्रोलच्या ओघळानं तो खराब होऊ शकतो.

‘टू-के’मध्ये रंग किंवा क्लिअर कोट वेगळा आणि हार्डनर वेगळा असतो. दोन्ही मिसळले की रासायनिक क्रिया होऊन कडक थर तयार होतो. पेट्रोल आणि ऊन तो जास्त सोसतो. दुकानात यालाच ‘पीयू’ म्हणतात.

मग सरळ टू-केच घ्यायचा का?

घरी मारणार असाल तर नाही. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. फवारताना त्याचे बारीक कण श्वासात गेले तर दमा होऊ शकतो. एकदा शरीर त्याला संवेदनशील झालं की पुढं थोड्याशा संपर्कानंही त्रास उसळतो. वास आला नाही म्हणजे धोका नाही, असंही नसतं. रुमाल किंवा सर्जिकल मास्क इथं कामाचा नाही. चांगल्या बूथमध्ये पेंटर बाहेरून हवा पुरवणारा मास्क वापरतात. सोसायटीच्या पार्किंगमध्ये तर शेजारची लहान मुलंही त्याच हवेत श्वास घेत असतात.

त्यामुळं छोट्या ओरखड्याला वन-के ठीक आहे. तोही उघड्यावर, वाफ अडवणारा मास्क लावून मारा. अख्खं बॉनेट किंवा छत असेल तर घासणं आणि लांबी भरणं घरी करा, फवारणी बूथवाल्याकडून करून घ्या.

दुकानात जाण्याआधी

– दाराच्या चौकटीवर किंवा बॉनेटखाली रंगाचा कोड असलेलं स्टिकर शोधा. नुसतं ‘पांढरा द्या’ म्हणू नका, पांढऱ्यातही कितीतरी शेड असतात. जुन्या गाडीचा रंग उन्हानं उतरलेला असतो, म्हणून आधी पुठ्ठ्यावर मारून दिवसाच्या उजेडात जुळवा.

– कापसावर थोडं थिनर घेऊन लपलेल्या जागी पुसा. कापसाला रंग लागला तर खालचा रंग विरघळणारा आहे. त्यावर जहाल थिनरचा नवा थर दिला तर सुरकुत्या पडतात.

– प्रायमर, रंग आणि क्लिअर कोट शक्यतो एकाच कंपनीचे घ्या. उघड्या पत्र्याला एपॉक्सी प्रायमर आणि प्लॅस्टिकच्या बंपरला प्लॅस्टिकचा प्रायमर लागतो. इथं पैसे वाचवले की वरचा महागडा रंगही सोलून निघतो.

– सुटं थिनर टाळा. डब्यावर लिहिलेलंच थिनर घ्या.

– पावसाळ्यात थांबा. थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, दमट हवेतलं पाणी त्यावर धरतं आणि रंगावर पांढुरकी झाक येते.

रंगच बदलायचा असेल तर?

गाडीचा रंग आरसीवर नोंदलेला असतो, त्यामुळं तो बदलला तर आरटीओत नोंद करावी लागते. आणि ऑलिव्ह ग्रीनच्या नादाला लागू नका. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार तो रंग संरक्षण खात्याच्या गाड्यांसाठी राखीव आहे.

शेड थोडी हुकली तर परत मारता येते. फुफ्फुसांचं तसं नाही, म्हणून डब्यामागची बारीक अक्षरं वाचूनच पैसे द्या.